प्रवासाचा हेतू: चालणे

टेबलावर पसरला तरी नकाशा
आपल्या घड्यांवरून पुन्हा मिटायला बघत होता.
म्हणून एका कोपऱ्यावर खजुराचा डबा,
दुसऱ्यावर मिठाची बाटली,
तिसऱ्यावर नझीर परकारचं कोपर.
चौथा कोपरा इटलीत जातो, तो राहू दिला मिटलेला.

मी पातळ्या मोजणारा माणूस.
सव्वीस वर्षं फहाहीलच्या या सपाटीवर तिपाई रोवून
पाव मीटर चढ कुठे, पाव मीटर उतार कुठे
याचा हिशेब कंपनीला देत आलो.
माझ्या नकाशात दोन रेषांच्या मधून
उंटांचा अख्खा कळप आडवा निघून जाईल.
आणि आल्प्सच्या या कागदावर
वीस-वीस मीटरच्या रेषा इतक्या खेटून
की डोंगर नव्हेच, कुणाचा तरी अंगठा उमटलाय.
'खरेदीखतावरचा,' नझीर म्हणाला.

नऊ दिवस मिळालेत, मेच्या अखेरीस, ईदला जोडून.
जूनपासून नझीरच्या कारखान्यात रजा बंद:
शहराला तहान लागते,
आणि शुऐबाला समुद्र उकळून गोड करणाऱ्यांत
हा एक.

व्हिसाच्या अर्जावर, प्रवासाचा हेतू,
त्याने लिहिलं: चालणे.
खिडकीमागच्या मुलीने खोडून पर्यटन केलं.
हॉटेल कुठंय?
हॉटेल नाही बाई, डोंगरावर झोपडी आहे,
एका फळीवर वीस जण निजतात.
तिने आमच्या पांढऱ्या दाढ्यांकडे पाहिलं,
मग सहा महिन्यांच्या बँकखात्याकडे,
मग पुन्हा दाढ्यांकडे.

रोज ईशाच्या नमाजानंतर पार्किंगच्या इमारतीचे जिने.
सात मजले, बारा फेऱ्या, पाठीवर दहा लीटर पाणी.
एप्रिलातच हवा इस्त्री टेकवल्यासारखी.
नझीर सोळाव्या वर्षी सुमारगड चढला होता,
चपला हातात घेऊन;
त्याचं म्हणणं, पाय विसरत नाहीत.
माझे विसरलेत. उतरताना उजवा गुडघा
गंजक्या बिजागरीसारखा बोलतो.
रखवालदार रमझी रोज विचारतो, कुठे निघालात?
नझीर वर बोट दाखवतो: जबल.
'वर गच्ची आहे,' रमझी म्हणतो, 'मग खालीच यायचंय.'
हो, तसंच असतं ते.

काल झोपडीवालीचं उत्तर आलं. दोन ओळी.
खिंडीत अजून माणूसभर बर्फ.
पंधरा जूनच्या आधी दार उघडत नाही.
खाली नुसतं नाव: उर्सुला.

खिंडीवरून नेलेली पेन्सिलची रेघ मी खोडली.
कागदावर चरा राहिलाच.
मग लाल पेन्सिलीने अठराशे मीटरची रेषा धरली
आणि सावकाश, एकही वळण न गाळता,
घळीच्या आत, ओढ्याच्या तोंडाशी, परत बाहेर,
हात फिरवत गेलो.
इतक्या वर्षांत असा वाकडा कागद
माझ्या हाताला लागला नव्हता.
हिच्या खाली आपण.
हिच्या वर यंदा नाही.

'खाली काय असतं मग?'
गोठे, गाई अजून न आलेले. लाकडी पूल. एक चर्च.
दिवसातून चारदा बस.
आणि वरचं बर्फ वितळून
रानभर सुटलेलं पाणी.

यावर तो थांबला.
कोपर उचललं, तिसरा कोपरा मिटला.
'सुटलेलं म्हणजे? मीटर नाही?'
नाही.
'रात्रीसुद्धा?'
रात्री थोडं कमी. थंडीने आखडतं.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग सामानाच्या यादीतून
बुटांना लावायचे लोखंडी काटे खोडले, एक किलो शंभर.
स्वयंपाकघरात जाऊन आला
आणि ज्या काट्यावर आम्ही मोजेसुद्धा तोलतोय
त्यावर एक स्टीलचा पेला ठेवला.

एकशे चाळीस ग्रॅम.
लिही, म्हणाला.